सतराव्या पानावरचं टिंब

चौथ्या पुस्तकातही टिंब निघालं, तेव्हा शरयू अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत शेल्फला धरून खालीच बसली.

पुस्तक वाचून झालं की सतराव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचं, ही तिची तीस वर्षांची सवय. पुस्तकं सगळी एकाच जातकुळीची: दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, इस्टेटीची एकुलती वारस मुलगी, एक अकडू लॉर्ड आणि शेवटी लग्न. टिंब नसतं तर तेच पुस्तक चारदा घरी आलं असतं. पण या चारही पुस्तकांतली एक ओळसुद्धा तिला ओळखीची वाटेना.

तिची आई अशीच विसरत गेली होती. आधी गोष्टी, मग माणसं.

गाडीत तिने मुलीला विचारलं, "अहिल्या, मी तुझ्या बाबांनाही विसरेन का गं?"

"आई, आधी टेस्ट करू या. मग घराचं डिसाइड करू."

ट्रॉयचं घर विकून आईने आपल्याकडे डब्लिनला यावं, असा अहिल्याचा आग्रह होता. आता नाही म्हणायला शरयूला तोंड उरलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, जगन्नाथला, जाऊन पाच महिने झाले होते. तो गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी इन्स्पेक्टर होता; नापास केलेल्या प्रत्येक पार्टवर कारण लिहिल्याशिवाय पुढे सरकत नसे. शरयूच्या लॉर्डांची त्याने आयुष्यभर टिंगल केली. आणि शेवटच्या वर्षी, केमो चालू असताना, तुझे गुडघे दुखतात, तुझी पुस्तकं मीच आणतो म्हणाला. तिची टिंबाची पेन्सिलही त्याच्याच खिशात राही. तीन-तीन तास लायब्ररीत काढायचा आणि दोनच पुस्तकं घेऊन यायचा. मोजके दिवस हातात असताना तो आपल्यापासून लांब राहिला, हे तिला फार लागलं होतं.

घरी येऊन तिने चौथं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. काहीतरी आठवेल, एवढीच आशा होती. मुलगी लॉर्डशी भांडली, प्रेमात पडली, निम्म्या पुस्तकातच लग्न झालं. काही आठवलं नाही. मग लॉर्ड आजारी पडला आणि गेला. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी उरली. शरयू डोळे पुसत शेवटच्या पानावर आली.

तिथे खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने, जगन्नाथच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नापास. शरयूला देऊ नये. यात तो आधी जातो.'