कंपनीचा रामजन्म

उभ्या जन्मात कीर्तनाला कधी मांडी न घातलेल्या कलकत्त्याच्या एका शेठने, गोऱ्या साहेबाची मर्जी सांभाळून, तीन गावांची रेडिओ केंद्रं घशात घातली. त्यात काशीचंही गेलं. दर रामनवमीला काशीच्या केंद्रावरून बिंदुमाधवबुवांचं कीर्तन ऐकू यायचं. यंदा शेठच्या कंपनीचा मॅनेजर वेणीमाधव म्हणाला, "तीन गावांना तीन बुवा कशाला, महाराज? कलकत्त्याचे एकच बुवा सगळीकडे पुरतील. आप आराम करो!"

त्याने अमृतराव घाटाजवळच्या राममंदिरात बुवांच्या जागी रेडिओचं खोकं मांडलं, वर त्याला हारही घातला. बुवा मांडीवर झांजा घेऊन खांबापाशी बसले.

राम जन्मायचा तो भर माध्यान्ही, सूर्य डोक्यावर आला की. पण कलकत्त्याचं घड्याळ काशीच्या वीसेक मिनिटं पुढे, हे शेठच्या गावीही नव्हतं. खोक्यातून एकाएकी शंख वाजला, "राम जन्मला!" अंगणात सावली अजून पायरीवरच होती. लोक मुठीत गुलाल धरून एकमेकांकडे बघत राहिले.

"उधळा की! पाळणा हलवा!" वेणीमाधव ओरडला. "कंपनीचे बारा वाजले!"

अंबिकाकाकूंनी हातातली पाळण्याची दोरी खाली ठेवली. "बुवा, उठा. अजून वेळ आहे," म्हणाल्या, आणि मग मॅनेजरकडे वळल्या.

"वेण्या, कौसल्येला अजून कळासुद्धा आल्या नाहीत रे. हे पोर कुणाचं उचलून आणलंस?"