नाव नसलेलं इस्पितळ

करोल बागेतल्या एका वैद्यकीय मासिकाकडे परदेशातल्या एका डॉक्टरचा लेख आला. त्याच्या इस्पितळावर बॉम्ब पडले होते आणि जखमी मुलांवर तो भूल न देता शस्त्रक्रिया करत होता.

"लेख उत्तम आहे हो नीलाताई, पण देश चुकीचा," संपादक डॉ. गद्रे म्हणाले. "आपले सगळे वाचक दुसऱ्या बाजूचे. पॉलिटिक्स बिल्कुल नको."

उपसंपादक नीलाने चाचरत लेख पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन केला.

"मग देशाचं नाव काढा, मॅडम," तो थकून म्हणाला. "मुलांसाठी भुलीची इंजेक्शनं हवीत, तेवढं राहू द्या."

तिने नाव काढलं. अंक निघाला, वाचणारे हळहळले आणि फरीदाबादच्या डॉक्टरांनी तर इंजेक्शनांची खोकी गोळा करून विमानाने रवानाही केली.

"बघा, कुणी दुखावलं नाही आणि कामही झालं!" गद्रे खूश होते.

नीलाने खोकी कुठे गेली ते विचारलं आणि उत्तर ऐकून डॉक्टरचा नंबर काढला. आता त्या डॉक्टरला कुठल्या तोंडाने सांगायचं?



लेखात नाव नसल्यामुळे, मासिकाने वर्षभर ज्या एकाच देशाची जखमी मुलं दाखवली होती, खोकी तिकडेच गेली होती. आणि इस्पितळावर पडलेले बॉम्ब त्याच देशाचे होते.