उसने विद्यार्थी

नगरपालिकेच्या शिक्षण सभापतींनी खुर्ची नाकारली. ते सरळ शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि तिथल्या तरुणीच्या हातात त्यांनी आपल्याजवळचं वर्तमानपत्र दिलं.

"वाचा. कुठूनही."

तिने वाचलं. खाडखाड वाचलं, पूर्णविरामाला थांबत, मध्येच मान वर करून हसत. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. इतकं चांगलं वाचू नकोस गं, असं त्या डोळ्यांनी सांगत होत्या. पण ती कशाला बघतेय! किती दिवसांनी बाईंसमोर वाचायला मिळालं होतं. तिला नुसतं स्फुरण चढलं होतं.

मुलगी बाईंचीच विद्यार्थिनी, पण जुनी. इथे शिकून ती केव्हाच औषधांच्या दुकानात कामाला लागली होती. बाकांवरचे सगळे तसेच: शिकून बाहेर पडलेले, आजच्यापुरते हातापाया पडून बोलावलेले. नगरपालिकेची पाहणी आली की प्रौढवर्गांत अशी उसनवारी चालायचीच. आजवर पाहणीला यायचा तो एक कारकून. दारातून डोकी बघायचा, दोन ओळी ऐकायचा, चहा ढोसून जायचा. युक्ती केंद्रप्रमुखांची. "निकाल दिसला पाहिजे, बाई. अक्षरं गिरवणारी म्हातारी माणसं दाखवलीत तर वर्गच बंद करतील," असं त्यांनी बाईंच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

आणि खरे विद्यार्थी? ते आतल्या खोलीत होते, दार लावून. चहा गाळत.

सभापती मात्र कारकून नव्हते. नवे होते, उत्साही होते आणि माणूस म्हणून वाईटही नव्हते. तीच तर पंचाईत होती. त्यांनी एकेकाला उठवून वाचायला लावलं. एका गड्याने तर फळ्यावर अख्खं पत्र लिहून दाखवलं. सभापतींनी टाळ्या वाजवल्या.

"कमाल केलीत, बाई," ते म्हणाले. "इथे शिकवायचं काही उरलंच नाही! शहरातला एक वर्ग आम्हाला कमी करायचाय. कुठला करावा, माझा जीव वरखाली होत होता. तुम्ही सोपं करून टाकलंत. हा वर्ग पुढच्या महिन्यापासून थांबवू. आणि तुमचा सत्कार करू, चांगला जाहीर."

सभापतींच्या मागे उभ्या असलेल्या केंद्रप्रमुखांनी सवयीने मान डोलावली आणि मग त्यांना वाक्याचा अर्थ कळला.

बाईंना आतल्या मावशी आठवल्या. धुलाईच्या कारखान्यात कामाला. तिथे रसायनांचे दोन डबे शेजारी शेजारी असतात, दोन्ही पांढरे, नावं तेवढी वेगळी. एकदा मावशींनी भलत्याच डब्यात हात घातला. मनगटापर्यंतची कातडी अजून गुलाबी आहे. "डब्यावरचं नाव वाचता आलं की पुरे, मला काही साहेब व्हायचं नाही," असं म्हणत त्या कामावरून तशाच वर्गाला येतात. साधी अक्षरं आता येतात. जोडाक्षरापाशी गाडी अडते. दोन्ही डब्यांवर जोडाक्षरंच आहेत.

केंद्रप्रमुख डोळे वटारून दटावत होते. हे सोंग उघडं पडलं तर दोघांच्याही नोकरीवर गदा येणार, हे बाईंनाही कळत होतं. पण हे असं गिळून उद्या मावशींसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"साहेब, ही सगळी माझी जुनी मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "मी आज बोलावून बसवलीत. ज्यांना वाचता येत नाही, ती माणसं आत आहेत."

केंद्रप्रमुख कसनुसं हसले. "बाईंचा जीव गुंतलाय हो वर्गात. बंद म्हटल्यावर काहीही बोलतायत."

"थांबा," सभापती म्हणाले आणि त्यांनी स्वतः जाऊन आतलं दार उघडलं.

चहाचा ट्रे घेऊन मावशी समोरच उभ्या होत्या. मागे पहारेकरी काका आणि बाकीचे खरे विद्यार्थी.

"मावशी, तुम्ही या वर्गात शिकता का?" सभापतींचा आवाज मऊ होता. 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, बाईंना ते दिसत होतं.

मावशींनी केंद्रप्रमुखांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं, मग बाईंच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. बाहेरचं काही त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. बाई अडचणीत आहेत, एवढंच त्यांना कळलं. आणि कोणी विचारलंच तर काय सांगायचं, हे सकाळी बाईंनीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

"छे हो, साहेब," मावशी ठणकावून म्हणाल्या. "आम्ही चहापाण्याची माणसं. या वयात शिकून आम्हाला काय करायचंय?"

"मावशी, खरं सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "खरं सांगा हो त्यांना!"

"खरंच सांगतेय की!"

"आमचा वर्गाशी काही संबंध नाही, साहेब," पहारेकरी काकांनी मागून पुस्ती जोडली.

सभापतींनी बाईंकडे पाहिलं, तापात बरळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. "विश्रांती घ्या, बाई," ते म्हणाले. उभ्याउभ्याच त्यांनी चहा संपवला, चहाची तारीफ केली आणि निघाले. केंद्रप्रमुख त्यांच्या मागोमाग धावले.

बाकांवरची मंडळीही एकेक करून उठली. कोणी बाईंकडे बघेना. बाईंना मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर?

मावशी ट्रे बाकावर ठेवून जवळ आल्या. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "एकदासुद्धा अडखळले नाही ना?"