कोणत्या काठाचे?

"मॅडम, मले काही झालं नाही! मी रक्त द्यायले आलो!" गुणवंता खाटेवरून तिसऱ्यांदा ओरडला.

"सकाळपासून सगळेच देऊन राहिले," सिस्टर म्हणाल्या आणि त्याच्या डोक्याला पट्टीचा आणखी एक वेढा दिला. "कोणत्या काठाचे? पांढुर्णा का सावरगाव?"

सिस्टरांचं तरी काय चुकलं? पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे गोटमारीचा. मधे जाम नदी, नदीत रोवलेल्या झाडावर झेंडा आणि त्या झेंड्यापायी दोन्ही काठांवरून गोट्यांचा मारा. अशा दिवशी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आडवा झालेला पुरुष गोटा खाऊनच आला असणार, अशी साधी समजूत. गुणवंता मात्र आपल्या पायांनी आला होता. दारात एका पोराचं फुटलेलं कपाळ दिसलं, तेव्हा तो आडवा झाला. पायरी लागून आलेलं टेंगूळ सिस्टरांना पट्टीसाठी पुरलं.

लाल रंगाशी त्याचं जुनंच वाकडं. बायको, इंदू, बीट चिरायला बसली की हा अंगणात जाऊन आभाळ पाहायचा. गोटमारीच्या दिवशी दार लावून टीव्ही मोठ्याने लावायचा. इंदू सावरगावची. तिचा थोरला भाऊ गौतम दर वर्षी डोक्याचे नवे टाके दाखवायला यायचा आणि चहा पिता पिता विचारायचा, "भाऊजी, तुमच्या अंगात रक्त हाय का शरबत?"

आज सकाळी इंदूच्या पोटाचं ऑपरेशन अचानक ठरलं. ओ निगेटिव्ह रक्ताची पिशवी दवाखान्यात नव्हती. गौतमचं रक्त त्याच गटाचं. त्याला फोन केला, तर पलीकडून नुसता ढोल. "झेंडा निपटू दे, येतोच!" उरला गुणवंता. पत्रिका न पाहता केलेल्या लग्नात नवराबायकोचा जुळला होता तो हा एवढाच गट.

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, टेंगूळ दाबलं, लिंबूपाणी पाजलं, तास-दीड तास निजवून ठेवलं. मग म्हणाले, "घेता येईल. पण पुन्हा पडाल."

"आता झोपलोच हावो. अजून कुठं पडू?" गुणवंता म्हणाला. त्याने पट्टी ओढून डोळ्यांवर घेतली आणि हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तो मोठमोठ्याने इंदूच्या माहेरच्या माणसांची नावं घेत होता. त्याला ती देवांची वाटत होती.

संध्याकाळी सिस्टर पुन्हा आल्या. आता आवाज एकदम नरम.

"भाऊ, ताईंचं ऑपरेशन बरं झालं. रक्त लागलंच नाही. तुमची पिशवी तपासून ठेवली आहे. एक जण लई वाईट हालतीत आला, हाच गट. देऊ का?"

गुणवंताला काही उमजेना. सकाळी त्याचं रक्त कोणी घेत नव्हतं, आता परवानगी मागून राहिले. आणि ज्या रक्तासाठी एवढा जीव मुठीत धरला, ते इंदूला नाहीच?

"कोणत्या काठाचा?" त्याने विचारलं.

"सावरगावचा."

"म्हंजे इंदूच्या माहेरचा. द्या."

तासाभराने इंदूला स्ट्रेचरवरून वॉर्डाकडे नेत होते. तिने डोळे उघडले. गर्दीमुळे व्हरांड्यातच टाकलेल्या खाटेवर डोक्याला भलीमोठी पट्टी बांधून तिचा भाऊ पडला होता. शेजारी स्टुलावर, डोक्याला तशीच पट्टी बांधून, तिचा नवरा. तो भावाच्या वर टांगलेल्या लाल पिशवीकडे टक लावून पाहत होता आणि पडत नव्हता.

"अगं बाई! तुम्ही दोघांनी एकमेकालेच हाणलं का?"

गौतमने मान हलवायचा प्रयत्न केला, पण ती हलेना. त्याने नळीतून उतरणाऱ्या थेंबाकडे बोट केलं.

"नाही, इंदे. शरबत नाही हे."