घरात कुणाचंच नसलेलं नाव

नात नेहल कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली आणि लाडबाई अडचणीत पडल्या. मोती म्हणावं तर सासरे मोतीलाल. राजा म्हणावं तर जेठ राजमल. हिरा म्हणावं तर चुलतसासरे. वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं कसं घ्यायचं?

नेहलनं मोबाइलवर पार नॉर्वेकडची पुराणं धुंडाळली. "दादी, फेनरिर! लांडगा होता तो. आपल्या खानदानात हे नाव कुणाचंच न्हाई."

"बिलकुल न्हाई," लाडबाई खूश झाल्या. मग आठवडाभर पोळ्या लाटताना फेनीर, फेरनीर, फेंडर असं घोकत राहिल्या. आज अंगणात उभं राहून त्यांनी बराबर आवाज दिला, "फेनरिर!" अर्ध्या परतूरला ऐकू गेलं असेल. पिल्लू धावत आलं तशा लाडबाई लहान पोरीसारख्या हसल्या.

लग्न झाल्यापासून ज्यांच्या वाट्याला नुसतं 'ऐकलं का' आलं होतं, ते त्यांचे यजमान ओसरीवरून हे बघत होते. त्यांनी नातीला हळूच जवळ बोलावलं.

"बेटा, ह्याचं नाव बदलून माझं ठेव ना, अमृतलाल. एकदा तिच्या तोंडून ऐकू तरी दे."