तीन वाजताचं दूध

तापात आईला वास येणं बंद झालं ते झालंच. ती पाळणाघरात स्वयंपाकाला होती, आणि ही गोष्ट तिच्या नि लेकाच्या पलीकडे कुणालाच ठाऊक नव्हती. सकाळी तापवून ठेवलेलं दूध दुपारी तीनला पोरांच्या पेल्यांत ओतायचं असे. त्याआधी लेक कॉलेजातून थेट तिथं यायचा, पातेल्यावर वाकून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "बिनधास्त ओत."

त्या दुपारी लेकाचे दोस्त हट्टालाच पेटले. नाही म्हणावं तर हा एकटा पडणार. दोन ग्लास बिअर पोटात गेली. मग लवंग चघळत तो तीनच्या ठोक्याला हजर झाला. दुसऱ्या कुणाच्या जवळ जायची छाती झाली नसती, पण आईची कसली भीती?

त्यानं वाकून वास घेतला. "एकदम ताजं आहे. बिनधास्त ओत."

आईला त्याच्या दातांत लवंग दिसली. दाढ ठणकली तरी या पोरानं कधी लवंग तोंडात धरली नव्हती. तिनं पातेलं उचललं आणि सगळं दूध मोरीत ओतून दिलं. पोरांच्या हातावर बिस्किटं ठेवली. मग लेकाला स्टुलावर बसवून त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"अगं, चांगलं होतं ना दूध!"

ओल्या हातानं तिनं त्याचे केस मागं सारले.

"असेलही रे राजा. पण आज माझं नाकच पिऊन आलंय."