सुनेल्याचा तळ

"तळ बंद केलास?" अंगठी उलटी करून बघताना आत्याचा आवाज चढला. "खडा बोटाला टेकायला नको? त्याशिवाय लग्न जमायचं कसं?"

पुष्कराजाऐवजी चालतो म्हणून हा पिवळा सुनेला आत्यानेच ज्योतिष्याला विचारून आणला होता. गुजरीतल्या घरच्या सराफी दुकानात शर्वाणीने उघड्या तळाच्या अशा अंगठ्या कितीतरी मुलींना घडवून दिल्या होत्या. आत्याच्या तर्जनीतही तसलीच एक होती, ऐन तरुणपणी घातलेली. आत्याचं लग्न झालं नाही, आणि अंगठीही निघाली नाही.

स्वतःच्या अंगठीत मात्र शर्वाणीने खड्याखाली सोन्याचा उजळ पत्रा बसवला होता आणि भोवती पाकळ्या काढल्या होत्या.

"उघडा ठेवला की पाणी जास्त झालेल्या सरबतासारखा दिसतो गं," असं म्हणत तिने अंगठी दिव्याखाली धरली. खडा आतून पेटल्यासारखा झळाळला.

"आणि नवरा?"

"त्याच्यासाठी मी खडा फिका ठेवणार नाही. यायचा तर येईल."

आत्या ताडकन उठली. ही आता बाबांकडे तक्रार घेऊन जाणार, असं शर्वाणीला वाटलं. पण आत्या मागच्या मोरीत गेली आणि बोटाला साबण चोळत बसली. बऱ्याच वेळाने येऊन तिने आपली जुनी अंगठी काउंटरवर आपटली. बोटावर पांढराफटक चर उमटला होता.

"हिचाही तळ बंद कर," ती म्हणाली. "आणि पाकळ्या तुझ्यापेक्षा मोठ्या काढ."